वर्तुळाचा परीघ दिला की मुले क्षेत्रफळापाशी का अडतात?

प्रश्न
संध्याकाळची शिकवणी, अंबाजोगाई तालुका

सर्वांना नमस्कार. मी गावात आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी संध्याकाळी घरीच घेते. प्रमेये मुले पाठ करून का होईना लिहितात, रचनाही बऱ्यापैकी जमतात. पण महत्त्वमापनातल्या वर्तुळाच्या उदाहरणांपाशी दर वर्षी गाडी रुतते, आणि यंदा ती जरा जास्तच रुतली आहे, म्हणून अडचण सविस्तर मांडते.

मागच्या आठवड्यात मी पुढील उदाहरण दिले. एका गोल विहिरीच्या तोंडाचा परीघ २२ मीटर आहे. विहिरीभोवती सगळीकडे १.४ मीटर रुंदीचा फरशीचा ओटा करायचा आहे. तर विहिरीच्या तोंडाचे क्षेत्रफळ किती आणि ओट्याचे क्षेत्रफळ किती? पायची किंमत २२/७ घ्यावी.

अकरा मुलांपैकी चौघांनी २२ हीच त्रिज्या धरली, तिचा वर्ग केला आणि विहिरीचे क्षेत्रफळ दीड हजार चौरस मीटरच्या वर नेले. म्हणजे तोंडच पंधरा गुंठ्यांचे. विहीर नव्हे, पाझर तलाव झाला. चूक झाली याचे काही नाही, पण ते उत्तर लिहिताना चौघांपैकी एकालाही शंका आली नाही याचे मला वाईट वाटले, कारण ही सगळी मुले रोज विहिरी पाहणारी आहेत. ज्यांनी त्रिज्या ३.५ मीटर अशी बरोबर काढली, त्यांतल्या तिघांनी ओट्यासाठी सरळ १.४ चा वर्ग केला, त्याला २२/७ ने गुणले आणि ६.१६ चौरस मीटर असे उत्तर लिहून मोकळे झाले.

सर्वांत गमतीचा प्रकार दोन मैत्रिणींचा झाला. एकीने ओट्याच्या बाहेरच्या कडेचा परीघ काढला, तो आला ३०.८ मीटर. दुसरीने २२ ला १.४ ने गुणले आणि ओट्याचे क्षेत्रफळ म्हणून ३०.८ चौरस मीटर लिहिले. दोघींनी वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, आकडा जुळला, म्हणून दोघींनाही आपले उत्तर बरोबर असल्याची खात्री पटली. मी स्वतः क्षणभर चक्रावले, हे कबूल करायला हरकत नाही.

यावरूनच एका मुलाने विचारले की, त्रिज्या २ सेंटिमीटर असेल तर परीघही १२.५६ येतो आणि क्षेत्रफळही १२.५६ येते, मग त्या वर्तुळापुरते तरी दोन्ही एकच नाहीत का? एकक वेगळे आहे, एवढेच मी सांगितले; पण त्याचे समाधान झाले नाही आणि खरे तर माझेही झाले नाही.

शेवटची अडचण पायच्या किमतीची आहे. एका सराव परीक्षेत १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ विचारले होते आणि पायची किंमत दिलेली नव्हती. आमच्या एका मुलाने २२/७ घेऊन ३१४.२९ असे उत्तर काढले, उत्तरसूचीत ३१४ होते, आणि त्याचे गुण कापले गेले. अशा वेळी मुलांना नेमके काय सांगावे?

सूत्रे मुलांना पाठ आहेत. तरीही ती ऐनवेळी एकमेकांत मिसळतात. हा घोळ मुळातून कसा काढावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर
दहावी बॅच, नांदेड

परीक्षेच्या दृष्टीने एक क्रम ठरवून द्यावा आणि तो मोडू देऊ नये. उदाहरणात काहीही दिलेले असो, परीघ असो, व्यास असो की क्षेत्रफळ असो, पहिली ओळ त्रिज्या काढण्याचीच असली पाहिजे. ज्यांना जमते त्यांना एक थेट सूत्रही द्यावे: परिघाचा वर्ग करून त्याला पायच्या चौपटीने भागले की क्षेत्रफळ मिळते. तुमच्या उदाहरणात ४८४ भागिले ८८/७, म्हणजे ३८.५ चौरस मीटर.

पायची किंमत प्रश्नात दिली असेल तर तीच वापरणे बंधनकारक आहे. दिली नसेल तर त्रिज्या ७ च्या पटीत असल्यास २२/७ आणि १०, २०, ५० अशी असल्यास ३.१४ घेणे सोयीचे पडते, आणि घेतलेली किंमत उत्तराच्या सुरुवातीला लिहून ठेवावी. शेवटच्या पायरीपर्यंत 'पाय' हे अक्षर तसेच ठेवले तर आकडेमोडही निम्म्याने कमी होते. समजावण्यात फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. सराव झाला की समज आपोआप येते.

उत्तर
निवृत्त गुरुजी, परभणी

ताई, तुमचा प्रश्न वाचून माझा शाळेतला वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. नांदेडच्या मित्रांनी सांगितलेला क्रम योग्यच आहे आणि मुलांनी तो पाळावा. मात्र सरावाने समज आपोआप येते हे मला मान्य नाही. तुमची मुले सूत्रे पाठ असूनही चुकली, यावरून नेमके उलटेच दिसते. गोंधळाचे कारण असे की, मुलांच्या डोक्यात ही दोन वेगवेगळी सूत्रे दोन वेगवेगळ्या पानांवर छापलेली असतात, आणि दोन्हींत 'पाय' आहे, दोन्हींत त्रिज्या आहे, एकीकडे २ पुढे आहे तर दुसरीकडे २ डोक्यावर आहे. मग ती मिसळणार नाहीत तर काय होईल? ती दोन सूत्रे नाहीतच. एकातून दुसरे निघते, आणि ते हाताने काढून दाखवता येते.

मी पुढीलप्रमाणे करीत असे. एका पुठ्ठ्यावर सुतळीची वर्तुळे एकात एक, मध्ये फट न ठेवता मांडत जायची. मधला ठिपका, त्याभोवती छोटे कडे, त्याभोवती थोडे मोठे, असे करीत वितीएवढी चकती तयार करायची. गोगलगाईसारखी सलग गुंडाळी करायची नाही, प्रत्येक कडे सुटे हवे. मग मध्यापासून काठापर्यंत एका सरळ रेषेत ब्लेडने सगळी कडी कापायची आणि प्रत्येक कडे उलगडून एकाखाली एक सरळ ठेवायचे. सर्वांत बाहेरचे कडे सर्वांत लांब, त्याची लांबी म्हणजे वर्तुळाचा परीघ. आतली कडी क्रमाने आखूड होत जातात आणि शेवटी टोक उरते. समोर जो आकार तयार होतो तो त्रिकोण असतो. त्याचा पाया परिघाएवढा आणि उंची त्रिज्येएवढी. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंची भागिले दोन, हे मुलांना सहावी-सातवीपासून येते. म्हणून वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले त्रिज्या भागिले दोन. आता परिघाच्या जागी २ × पाय × त्रिज्या लिहा. वरचा २ आणि खालचा २ जातात आणि पाय × त्रिज्या × त्रिज्या उरते. त्रिज्येचा वर्ग कुठून आला, हे मुलांना तेव्हा पहिल्यांदा दिसते. एक त्रिज्या परिघातून आली आणि दुसरी त्रिकोणाची उंची म्हणून आली.

हे काही माझे डोके नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत 'परिधिगुणितव्यासपादः फलम्' असे म्हटले आहे, म्हणजे व्यासाच्या चौथ्या हिश्शाला परिघाने गुणावे की वर्तुळाचे फळ मिळते. तुमच्या विहिरीचा परीघ २२ आणि व्यास ७. गुणाकार १५४, त्याचा चौथा हिस्सा ३८.५. यात 'पाय' कुठेही लागला नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. (कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेले की पाटणे हे गाव लागते, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे. सहल काढायची असेल तर फार लांब नाही.)

आता ओट्याकडे वळू. सुतळीच्या त्याच त्रिकोणात टोकाकडची कडी म्हणजे विहीर आणि पायाकडची कडी म्हणजे ओटा. टोक कापून काढले की समलंब चौकोन उरतो. त्याची एक समांतर बाजू आतला परीघ, २२ मीटर. दुसरी बाहेरचा परीघ, ३०.८ मीटर, आणि उंची म्हणजे ओट्याची रुंदी, १.४ मीटर. दोन्ही परिघांची बेरीज ५२.८, निम्मे २६.४, त्याला १.४ ने गुणले की ३६.९६ चौरस मीटर. बाहेरच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून आतल्याचे वजा करूनही हेच येते: ४.९ चा वर्ग २४.०१, ३.५ चा वर्ग १२.२५, वजाबाकी ११.७६, गुणिले २२/७, उत्तर ३६.९६. ज्या मुलीने २२ ला १.४ ने गुणले, तिला शाबासकी द्या, कारण ती तिघांपेक्षा खूपच जवळ पोहोचली होती. तिने सगळा ओटा आतल्या काठाएवढाच लांब धरला. बाहेरची कडी लांब होत जातात एवढेच ती विसरली. ज्यांनी ६.१६ लिहिले त्यांना विचारा की, बावीस मीटर लांब आणि जवळजवळ दीड मीटर रुंद पट्टी सहा चौरस मीटरमध्ये कशी मावेल?

तुमची खरी तक्रार अशी आहे की मुलांना आपल्या उत्तराची शंका येत नाही. त्यासाठी मी दोन अंदाज शिकवीत असे. परीघ हा व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो. आणि वर्तुळ ज्या चौकोनात नेमके बसते, त्या चौकोनाच्या पाऊण हिश्शाहून त्याचे क्षेत्रफळ थोडे जास्त असते. सात मीटर व्यासाची विहीर ४९ चौरस मीटरच्या चौकोनात बसते, पाऊण हिस्सा पावणेसदतीस, ३८.५ हे उत्तर पटण्यासारखे आहे, दीड हजार नाही. वही उघडण्यापूर्वी अंदाज बोलून घ्यायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा.

दोन सेंटिमीटरच्या त्रिज्येचा प्रश्न विचारणारा मुलगा हुशार आहे. त्याला तेच वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायला सांगा. वर्तुळ बदललेले नाही. त्रिज्या २० मिलिमीटर, परीघ १२५.६ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ १२५६ चौरस मिलिमीटर. आकडे एकदम दहा पटींनी दूर गेले. जी बरोबरी मोजपट्टी बदलताच मोडते ती वर्तुळाची नव्हतीच, मोजपट्टीची होती. तुमच्या दोन मैत्रिणींच्या ३०.८ चेही तसेच आहे. सेंटिमीटरमध्ये एकीचा आकडा ३,०८० होईल आणि दुसरीचा ३,०८,०००.

गुण कापले गेले त्याबद्दल एवढेच म्हणतो की, किंमत न देता प्रश्न विचारणे ही चूक प्रश्न काढणाऱ्याची आहे.

उत्तर
कोरडवाहू, औसा तालुका

मी शिक्षक नाही, शेतकरी आहे, पण विहिरीचे नाव निघाले म्हणून लिहितो. आमची विहीर गोल, बांधीव आणि सहा परस खोल आहे. विहिरीच्या तोंडावर आडवी टेप धरायला दोन माणसे लागतात आणि टेप मध्ये झोळ खाते, म्हणून मी सुंभ गुंडाळून घेर मोजला. तो ७५ फूट भरला. नांदेडच्या सरांचे सूत्र लावले: ७५ चा वर्ग ५,६२५, त्याला ३.१४ च्या चौपटीने, म्हणजे १२.५६ ने भागले, तर सुमारे ४४८ चौरस फूट आले. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावते, हे मला माहीत होते. त्या हिशेबाने विहिरीतले एक फूट पाणी म्हणजे सुमारे १२,७०० लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणाऱ्या बारा हजारी टँकरहून थोडे जास्तच. हा हिशेब बरोबर आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

आणखी एक. भावाच्या विहिरीचा व्यास आमच्या विहिरीच्या निम्मा आहे. पाणीपाळी ठरवताना आम्ही आजवर त्याच्या एका फुटाला आमचे अर्धा फूट असे धरत आलो आहोत. ते योग्य आहे का?

उत्तर
पत्रा आणि वेल्डिंग, जालना

औशाच्या भाऊंना आधी एक प्रश्न: सुंभ तुम्ही कठड्याच्या आतून धरला होता की बाहेरून? आतून धरायचा तर विहिरीत उतरावे लागते, म्हणून बहुतेक बाहेरूनच गुंडाळला असणार. तसे असेल तर तुमच्या हिशेबात कठड्याची जाडीही पाणी म्हणून मोजली गेली आहे.

आमच्या धंद्यात ही चूक रोज समोर येते आणि मी स्वतः ती पैसे मोजून शिकलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक टाकी करायची होती, आतला व्यास १,००० मिलिमीटर, पत्रा ६ मिलिमीटर जाडीचा. मी १,००० ला ३.१४ ने गुणले, ३,१४० मिलिमीटर लांबीचा पत्रा कापला, रोलिंग मशीनमधून वळवला, जोड वेल्ड केला, आणि तयार ठेवलेले झाकण आत उतरेना. आतला व्यास साडेसहा मिलिमीटरने कमी भरला होता. पत्रा वळतो तेव्हा त्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि फक्त मधला थर मूळ लांबीचा राहतो. म्हणून हिशेब मधल्या व्यासाने करायचा असतो: १,००० अधिक ६, म्हणजे १,००६. त्याला पायने गुणले की ३,१६०.४ मिलिमीटर येतात. परभणीच्या गुरुजींनी ओट्यासाठी दोन परिघांची सरासरी घेतली, तीच ही गोष्ट.

याच आकड्यावर ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. २२/७ घेतले तर लांबी ३,१६१.७ येते आणि ३.१४ घेतले तर ३,१५८.८ येते. एक किंमत किंचित जास्त देते, दुसरी किंचित कमी. दोन्ही अंदाजेच आहेत, आणि गंमत अशी की पुष्कळांना ३.१४ अधिक अचूक वाटते, पण खऱ्या किमतीच्या जवळ २२/७ आहे. मुलाचे ३१४.२९ उत्तरसूचीतल्या ३१४ पेक्षा सरस होते, हे त्याला जरूर सांगा. दुकानात आम्ही मात्र ३.१४१६ घेतो. विहिरीसाठी एवढी चिकित्सा नको. ताईंच्या विहिरीत २२/७ मुळे पडणारा फरक पसरलेल्या पंजाएवढ्या जागेचा आहे.

भाऊंच्या कठड्यासाठी सोपी रीत आहे. बाहेरच्या परिघातून जाडीची दुप्पट गुणिले पाय एवढे वजा केले की आतला परीघ मिळतो. विहीर आडाएवढी असो की बारवेएवढी, ही वजाबाकी फक्त जाडीवर ठरते. ताईंच्या ओट्यातही तसेच आहे: १.४ ची दुप्पट २.८, गुणिले २२/७ म्हणजे ८.८, आणि ३०.८ उणे २२ तेवढेच. समजा तुमचा कठडा दीड फुटी आहे, तर तीन गुणिले ३.१४ म्हणजे ९.४२ फूट वजा होतील. आतला परीघ ६५.५८ फूट, क्षेत्रफळ सुमारे ३४२ चौरस फूट आणि एक फूट पाणी सुमारे ९,७०० लिटर. दीड फुटी कठड्याने तीन हजार लिटर खाल्ले.

भावाच्या विहिरीबद्दल: व्यास निम्मा तर तोंडाचे क्षेत्रफळ निम्मे नव्हे, पाव. त्याच्या एका फुटाला तुमचे तीन इंच पाणी बरोबर होते, सहा इंच नव्हे. विहीर बांधणाऱ्यांना हे न सांगता कळते. व्यास दुप्पट केला तर कड्याला लागणारा दगड परिघाच्या हिशेबाने साधारण दुपटीवर जातो, पण खोदाई आणि पाणी क्षेत्रफळाच्या हिशेबाने चौपटीवर.

प्रश्नकर्तीची पुढची नोंद
संध्याकाळची शिकवणी, अंबाजोगाई तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुरुजी, काल सुतळीचा प्रयोग केला. पहिल्या वेळी मुलांनी कडी डिंकाने इतकी घट्ट चिकटवली की कापल्यावर उलगडेनात, आणि पुठ्ठाच फाटला. दुसऱ्या वेळी डिंक न लावता वरून बोटाने दाबून धरत कापले. कडी सरळ करून मांडताना चौदावे-पंधरावे कडे आले तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, त्रिकोण होतोय!" ज्याने विहिरीचा तलाव केला होता, त्याचाच तो आवाज होता. मैत्रिणींच्या जोडीने सेंटिमीटरचा हिशेब करून पाहिला आणि आपापल्या ३०.८ वर स्वतःच काट मारली.

आता दहावीच्या मुलांसाठी एक पुढचे विचारते. चौकोनी शेताच्या कोपऱ्यातल्या खुंटीला सात मीटर दाव्याने शेळी बांधली आहे, असे उदाहरण होते. चरण्याच्या जागेचे क्षेत्रफळ ३८.५ चौरस मीटर सगळ्यांनी बरोबर काढले. पण त्या जागेला काटेरी कुंपण घालायचे तर किती लांबीचे लागेल, या प्रश्नावर बहुतेकांनी ११ मीटर लिहिले. आणि हे ३८.५ पुन्हा कसे आले, असेही एकीने विचारले.

उत्तर
निवृत्त गुरुजी, परभणी

ताई, डिंकाची अडचण सांगायची माझ्याकडून राहिली होती, क्षमस्व.

वर्तुळपाकळीलाही तीच सुतळी लावा. पूर्ण कड्यांऐवजी कड्यांचे तुकडे घेतले तरी सरळ केल्यावर त्रिकोणच होतो. त्याचा पाया म्हणजे कंसाची लांबी आणि उंची म्हणजे त्रिज्या. कंस ११ मीटर, त्रिज्या ७ मीटर, गुणाकार ७७, निम्मे ३८.५. दहावीच्या पुस्तकात कंसाची लांबी गुणिले त्रिज्या भागिले दोन असे वर्तुळपाकळीच्या क्षेत्रफळाचे जे सूत्र आहे, ते हेच.

कुंपण मात्र ११ मीटर पुरणार नाही. वर्तुळाचा परीघ म्हणजे त्याची सगळी कड असते, म्हणून मुलांना वाटते की पाव वर्तुळाची कड म्हणजे पाव परीघ. पण वर्तुळ कापले की कापलेल्या जागी दोन नव्या सरळ कडा तयार होतात. भाकरीची चतकोर हातात द्या आणि तिच्या कडेने बोट फिरवायला सांगा. गोल कड संपल्यावर बोट थांबत नाही. म्हणून ११ अधिक ७ अधिक ७, एकूण २५ मीटर. अर्धवर्तुळातही हीच चूक होते: सात मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची परिमिती २२ नव्हे, व्यास धरून ३६.

३८.५ पुन्हा येण्याचे कारण जालन्याच्या दादांनी सांगून ठेवलेच आहे. विहिरीची त्रिज्या साडेतीन, दाव्याची सात. त्रिज्या दुप्पट म्हणून पूर्ण वर्तुळ चौपट झाले असते, आणि शेळीच्या वाट्याला त्यातला पावच हिस्सा आला.

उत्तर
कोरडवाहू, औसा तालुका

जालन्याच्या दादांचा तर्क खरा निघाला. सुंभ बाहेरूनच गुंडाळला होता आणि कठडा मोजला तर दीड फुटीच भरला. तरीही मला प्रत्यक्ष पाहायचे होते. पाणी सध्या बांधकामापर्यंत वर आहे, म्हणजे खालच्या वेड्यावाकड्या कातळाचा प्रश्न नाही. आखाड्यावर दोन हजार लिटरची टाकी आहे. ती रिकामी करून घेतली, विहिरीत टेपला दगड बांधून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले, मोटार चालू केली आणि टाकी काठोकाठ भरल्यावर पुन्हा मोजले.

माझ्या जुन्या हिशेबाने पाणी दोन इंचांपेक्षा थोडे कमी उतरायला हवे होते आणि दादांच्या हिशेबाने अडीच इंच. टेपवर अडीच इंच उतरलेले दिसले. धाकट्या मुलाला वाकून पुन्हा पाहायला लावले, त्यालाही तेवढेच दिसले. पाणीपाळीचे भावाशी अजून बोललेलो नाही. हिशेब वहीत लिहून ठेवला आहे, तो रविवारी येणार आहे.